वणवा आणि उष्णतेची लाट एकाच वेळी आली तर: बेटावर राहणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

उष्णतेच्या लाटेत काय करायचं हे बहुतेकांना पाठ असतं. रात्री खिडक्या उघडा, सैल कपडे घाला, दुपारी घराबाहेर पडू नका. वणव्यात काय करायचं हेही थोडंफार ऐकलेलं असतं. गोंधळ होतो तो दोन्ही संकटं एकाच दिवशी आल्यावर. खिडकी उघडली तर धूर आत येतो, बंद केली तर घराची भट्टी होते. उकाड्यात अंगावर कमीत कमी कपडे हवेत, पण उडत्या निखाऱ्यांतून बाहेर पडायचं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट लागतात. एक सल्ला सांगतो घरात थांबा, दुसरा सांगतो निघा.

बेटावर याहून कठीण प्रश्न असा की निघून जायचं कुठे. रस्ते मोजकेच असतात, ते संपतात तिथे समुद्र, आणि जो जोराचा वारा आग पसरवतो तोच बोटींची ये-जा थांबवतो. त्यामुळे बेटावर काय करायचं यापेक्षा आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणं जास्त महत्त्वाचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. पहिले तीन उन्हाळा सुरू होण्याआधी संपवायचे आहेत.

## टप्पा १: बाहेर पडायच्या वाटा पायांनी तपासा

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘आग आली तर बोटीने जाऊ’ हा बेत. २०२३ च्या जुलैत ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर सुमारे १९,००० लोकांना हलवावं लागलं. त्यातले सुमारे १६,००० रस्त्याने गेले, समुद्रमार्गे जेमतेम ३,०००. म्हणजे बेटावरसुद्धा सुटकेचा मुख्य मार्ग रस्ताच असतो आणि जायचं असतं ते बेटाच्याच दुसऱ्या टोकाला. २०२० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाचं कांगारू बेट जवळपास अर्धं जळलं, तेव्हाही पश्चिमेच्या लोकांना आसरा मिळाला तो पूर्वेकडच्या गावांत. बोट हा पर्याय आहेच, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा.

१. बेटाचा कागदी नकाशा घ्या. घरापासून निघणारे सगळे रस्ते त्यावर आखा. जे रस्ते दाट झाडीतून किंवा अरुंद घळीतून जातात त्यांवर फुली मारा. उरलेल्यांपैकी किमान दोन, वेगवेगळ्या दिशांचे, निवडा.

२. मुक्कामाची जागा आताच ठरवा: बेटाच्या दुसऱ्या बाजूचे नातेवाईक, ओळखीचं घर, शाळा, मोठं सभागृह. तिथे थंडावा आणि पाणी आहे का हेही विचारून ठेवा.

३. जवळचा किनारा चालत जाऊन बघा. एकदा दिवसा आणि एकदा अंधारात, हातात टॉर्च घेऊन. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर त्यांना सोबत न्या.

तिसरी पायरी लोक हसण्यावारी नेतात. २०१८ च्या जुलैत अथेन्सजवळच्या माती या किनारी वस्तीत आगीने १०४ जणांचा बळी घेतला. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर होता. पण बोळ पुढे बंद झालेले, कुंपणं घातलेली आणि शेवटी उभा कडा. अनेक जण पाण्याच्या अगदी जवळ येऊन अडकले. तेव्हा नकाशावरचं अंतर मोजून समाधान मानू नका. वाटेतलं फाटक कुलूपबंद असतं का? पायऱ्या कुठून उतरतात? त्या तुटलेल्या तर नाहीत? हे डोळ्यांनी बघा.

४. वाऱ्याचं वेळापत्रक समजून घ्या. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात, दुपारी त्यांचा जोर वाढतो, संध्याकाळी ते पडतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. सकाळी तुमच्यापासून दूर जाणारी आग दुपारी वळून तुमच्याकडे येऊ शकते ती यामुळेच. शिवाय आग चढावर जोरात धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अग्निशमनातला ठोकताळा आहे. घर डोंगराच्या वरच्या अंगाला असेल तर तुमच्या हातातला वेळ खालच्यांपेक्षा कमी आहे, असं धरून चाला.

तपासा: दोन रस्ते, एक किनारा आणि मुक्कामाचं ठिकाण घरातल्या प्रत्येकाला न बघता सांगता येतंय का?

## टप्पा २: घराभोवतीचं जळण काढा

वणव्यात घर पेटतं ते ज्वाळांची भिंत अंगावर आल्यामुळे, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक घरांना आग लागते ती वाऱ्याबरोबर येणाऱ्या निखाऱ्यांनी. ते किलोमीटरभर पुढेही उडत येतात आणि पन्हळीतल्या सुक्या पाल्यात, दाराशी ठेवलेल्या पायपुसण्यावर किंवा वळचणीच्या फटीत जाऊन बसतात. म्हणून साफसफाई घरापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने करायची. उलट दिशेने सुरुवात केली की दूरची झुडपं तोडण्यात उन्हाळा येऊन ठेपतो आणि पन्हळ तशीच भरलेली राहते.

१. छप्पर आणि पन्हळी झाडून घ्या. पालापाचोळा पुन्हा साचतो, त्यामुळे हे काम हंगामभर अधूनमधून करावं लागतं.

२. भिंतीपासून पहिल्या दीड मीटरमध्ये जळेल असं काहीही नको. सरपण, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर चढवलेला वेल, पुठ्ठ्याची खोकी, सगळं हलवा. तिथे खडी किंवा फरशी उत्तम.

३. छपराखालच्या आणि जोत्याच्या झरोक्यांना ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी लावा. प्लॅस्टिकची जाळी वितळते.

४. त्यापुढे नऊ मीटरपर्यंत वाळलेलं गवत आणि खाली झुकलेल्या फांद्या काढा. जागा असेल तर तीस मीटरपर्यंत झाडी विरळ करा. झाडं सरसकट तोडायची गरज नाही, सावली उष्णतेच्या दिवसांत हवीच आहे. झुडपातून झाडावर आणि झाडावरून छपरावर आग चढेल अशी शिडी तयार होऊ द्यायची नाही, एवढंच.

इशारा: गवत कापायचं यंत्र, ग्राइंडर, वेल्डिंग ही कामं गवत हिरवं असताना उरका. धातूचं पातं दगडावर आपटून उडालेली एक ठिणगी पुरते. उष्ण, कोरड्या आणि वाऱ्याच्या दिवशी ‘आता तरी साफ करू’ म्हणून यंत्र बाहेर काढणं म्हणजे स्वतःच वणवा लावण्याची जोखीम घेणं.

## टप्पा ३: वीज गेल्यावर पाणी कुठून येणार?

२०२३ च्या जुलैत सिसिली बेटावरच्या कातानिया शहरात कडक उष्म्याने जमिनीखालच्या वीजवाहिन्या निकामी झाल्या. वीज गेली, त्यामुळे पंप थांबले, त्यामुळे नळ कोरडे पडले. उष्णता, वीज आणि पाणी ही साखळी बेटावर चटकन तुटते, कारण मदत बाहेरून यायला वेळ लागतो.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी धरा, कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. किमान तीन दिवसांचं बंद भांड्यांत साठवा. हे पाणी वेगळं आणि निखारे विझवायचं पाणी वेगळं. दुसऱ्यासाठी पिंप, बादल्या, मग आणि जुनी पोती पुरतात. विजेच्या पंपावर चालणारी नळी ऐन वेळी दगा देते, हे गृहीत धरा.

निघायची पिशवी दाराजवळ असू द्या. आठवड्याची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, कागदपत्रं, रोख पैसे, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, फोनची पॉवर बँक, एन-९५ मास्क, चष्म्याची जास्तीची जोडी. इन्सुलिनसारखं थंड ठेवायचं औषध असेल तर थर्मल पिशवी आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बर्फाच्या पट्ट्या, दोन्ही कुठे आहेत हे एका कागदावर लिहून पिशवीला अडकवा. औषध फ्रीजमध्ये विसरून जाणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

गाडीची टाकी हंगामभर अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. वीज नसेल तर पेट्रोल पंपही चालत नाही.

## टप्पा ४: उष्णतेचे दिवस, आकाश स्वच्छ असताना

११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिलीत सिराक्यूजजवळ ४८.८ अंश सेल्सिअसची नोंद झाली. युरोप खंडातलं हे आजवरचं सर्वाधिक तापमान, जागतिक हवामान संघटनेने तपासून मान्य केलेलं. समुद्र जवळ आहे म्हणून बेट थंड राहतं, या भरवशावर राहू नका.

१. घराच्या आत एक आणि बाहेर सावलीत एक, असे दोन तापमापक लावा. खिडकी उघडायची की नाही हे त्यांना विचारा. बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच उघडा. ‘जरा वारा येऊ दे’ म्हणून भर दुपारी उघडलेली खिडकी घर आणखी तापवते.

२. ऊन काचेवर पडण्याआधी बाहेरच अडवा. बाहेरून लावलेली झडप किंवा पडदा आतल्या पडद्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतो. मात्र हा बाहेरचा पडदा कापडी असेल तर टप्पा ५ मध्ये तो काढायचा आहे, हे लक्षात असू द्या.

३. खोली दिवसा ३२ अंशांच्या आणि रात्री २४ अंशांच्या आत राहील असा प्रयत्न करा. ते जमत नसेल तर दिवसातले दोन-तीन तास तरी थंड इमारतीत काढा. चाळीस अंशांच्या वर पंखा उपयोगाचा नाही, तो गरम हवा अंगावर फेकत राहतो. तेव्हा अंग ओलं करणं, मानेवर आणि हातांवर ओलं कापड ठेवणं हाच उपाय.

४. पाणी थोडं थोडं आणि सतत प्या. श्रमाचं काम करत असाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर. पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि त्याची लक्षणंही उष्म्याच्या त्रासासारखीच असतात: गळाठा, मळमळ, गोंधळ. घाम खूप येत असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते मध्ये मध्ये घ्या.

५. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांमुळे शरीराला उष्णता सोसणं अवघड होतं. ही औषधं मनाने बंद करायची नाहीत. उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्यायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक. चक्कर, भरपूर घाम, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, पण माणूस नीट बोलतोय: हा उष्म्याचा थकवा. सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, मीठ-साखरेचं पाणी पाजा. याउलट माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात आहे, मग घाम येत असला तरी. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ हा समज जीवघेणा ठरतो.

इशारा: उष्माघातात रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. आधी गार करायचं, मग हलवायचं. टब किंवा मोठं घंगाळ असेल तर डोकं वर धरून गार पाण्यात बसवा. नसेल तर कपडे काढून सर्वांग भिजवत राहा, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. तापाची गोळी इथे निरुपयोगी.

## टप्पा ५: धूर दिसला की नियम बदलतात

इथेच बहुतेकांचं चुकतं. टप्पा ४ च्या सवयी आठवडाभर अंगवळणी पडलेल्या असतात आणि बेटाच्या पलीकडच्या अंगाला धूर दिसला तरी त्या चालूच राहतात. धूर दिसताच, आग कितीही लांब असली तरी, हे करा:

१. खिडक्या बंद. वातानुकूलन असेल तर आतलीच हवा फिरवण्यावर ठेवा. एक खोली निवडून दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा. शुद्ध हवेचं यंत्र असेल तर ते याच खोलीत. तळण, उदबत्ती, मेणबत्ती बंद, कारण खोलीतली हवा त्यांनीही बिघडते.

२. बाहेर पडावंच लागलं तर एन-९५ मास्क, नाकाशी घट्ट बसवून. ओला रुमाल बारीक कण अडवत नाही. विषारी वायू मात्र मास्कही अडवत नाही, तेव्हा मास्क आहे म्हणून बाहेर रेंगाळू नका.

३. अंगावरचे कपडे बदला: पूर्ण बाह्यांचा जाड सुती किंवा लोकरी कपडा, लांब पँट, बंद बूट. नायलॉन-पॉलिएस्टर अंगावर वितळतं. उकडेल. बूट-पँट आताच घाला आणि वरचा शर्ट पिशवीवर ठेवा, ही तडजोड मला तरी शहाणपणाची वाटते.

४. अंगणातल्या खुर्च्या, गाद्या, बाहेरचे कापडी पडदे आत आणा. गॅस बंद करा. गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी करा, पिशव्या आत ठेवा.

मग कठीण प्रश्न येतो. खिडक्या बंद, वीज नाही, खोली ३४-३५ अंशांवर. धूर सोसायचा की उष्मा? घरात वृद्ध, तान्हं बाळ, गरोदर स्त्री, हृदयाचा किंवा श्वासाचा रुग्ण असेल तर उत्तर सरळ आहे. दोन्हीपैकी एकही सोसायचं नाही, रस्ता मोकळा आहे तोवर ठरलेल्या थंड जागी जायचं. आदेशाची वाट बघायचं कारण नाही. लवकर निघून आग न आल्यास फार तर एक दिवस वाया जातो.

## टप्पा ६: निघणं

निघायची खूण आधीच कागदावर लिहा. उदाहरणार्थ: ‘आग अमुक टेकडी ओलांडून अलीकडे दिसली की’, ‘दोनपैकी एक रस्ता बंद झाला की’, ‘पुढच्या सहा तासांत बोटी थांबणार असं बंदरावरून कळलं की’. तिसरी खूण फक्त बेटावरच्यांसाठी आहे आणि तीच लोक विसरतात.

फोनवरच्या आणीबाणीच्या सूचना चालू आहेत ना ते सेटिंगमध्ये जाऊन बघा, पण सगळी भिस्त त्यांवर नको. ८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाईच्या माउई बेटावर लाहायना शहर जळालं तेव्हा धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत, वीज आणि मोबाइलचं जाळं बंद पडलं होतं, पडलेल्या खांब-तारांनी रस्ते अडले होते. शंभरहून अधिक माणसं गेली.

निघताना हा क्रम ठेवा: माणसं, जनावरं, औषधं, पिशवी. दारं-खिडक्या लावून घ्या. दिवे चालू ठेवले तर धुरात अग्निशमन दलाला घर दिसतं. शेजारी एकटं राहणारं कुणी असेल तर त्यांचं दार ठोठावा. आणि तिथेच काही दिवसांसाठी उतरलेल्या पाहुण्यांना रस्ता दाखवा, त्यांना तुमचं बेट ठाऊक नसतं.

इशारा: नळ चालू सोडून किंवा छपरावर फवारा लावून जाऊ नका. हजार घरांनी तेच केलं की नळाचा दाब पडतो. लाहायनात जळलेल्या घरांच्या फुटक्या नळांतून पाणी वाहत राहिलं आणि रस्त्यावरचे अग्निशमन नळ कोरडे पडत गेले.

बंदरावर जायची वेळ आलीच तर धक्क्यावरची रांग हा नवा उष्णतेचा धोका असतो. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, छत्री आणि ओलं कापड हाताशी ठेवा. अधिकाऱ्यांनी गाडी सोडायला सांगितली तर हुज्जत न घालता सोडा.

## टप्पा ७: अडकलात तर

गाडीत: झाडीपासून दूर, उघड्या जमिनीवर थांबा. काचा आणि हवेचे झरोके बंद, दिवे चालू, खिडकीच्या पातळीखाली झुका, लोकरी ब्लँकेट ओढून घ्या. आगीचा लोळ पुढे सरकेपर्यंत बाहेर पडू नका.

घरात: बाहेर जायला दुसरं दार असलेल्या खोलीत सगळे एकत्र. न्हाणीघरात कोंडून घेऊ नका, तिथून सुटकेचा मार्ग नसतो. आग पुढे गेल्यावर लगेच बाहेर येऊन निखारे विझवा.

समुद्रकिनारी: झाडी नसलेली वाळू किंवा खडक शोधा, शक्य तितकं पाण्याजवळ, चेहऱ्यावर ओलं कापड. पाण्यात उतरणं अगदी शेवटी. लाहायनात काही जण तासन्‌तास पाण्यात राहून वाचले, पण धूर, लाटा आणि गारठा यांना तोंड देत. लांब पोहू नका, पायाखाली जमीन राहील तिथेच थांबा. विमानं पाणी उचलायला आली तर खाडीच्या मधला पट्टा मोकळा सोडा. कॅनडेअर हे आग विझवणारं विमान पाण्यावर घासत जाऊन काही सेकंदांत सुमारे ६,००० लिटर भरून घेतं. मध्ये एक नाव आली तरी वैमानिकाला फेरी सोडावी लागते. ड्रोन उडवणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं, ठेवा ते खाली.

## टप्पा ८: परतल्यावर

परवानगी मिळाल्याशिवाय परतू नका. मिळाल्यावरही आधी छप्पर, पन्हळी आणि वळचण तपासा. निखारे तासन्‌तास धुमसतात. जळलेल्या बुंध्याखाली मुळं जमिनीत जळत राहतात आणि वरून साध्या दिसणाऱ्या राखेत पाय गुडघ्यापर्यंत जातो. काठीने चाचपत चला.

राख झाडूने किंवा ब्लोअरने उडवू नका. पाणी शिंपडून, मास्क, हातमोजे आणि बूट घालून गोळा करा. लहान मुलांना या कामापासून लांब ठेवा.

नळाचं पाणी उकळलं की झालं, असं समजू नका. जळालेल्या वस्तीत दाब पडल्यावर नळांत बेंझीनसारखी रसायनं शिरू शकतात. माउईतही आगीनंतर काही भागांत नळाचं पाणी उकळूनही वापरू नका अशी सूचना होती. पाणी तपासून ते पिण्याजोगं असल्याचं जाहीर होईपर्यंत बाटलीबंद किंवा टँकरचंच पाणी प्या.

चार तासांपेक्षा जास्त वीज गेलेली असेल तर फ्रीजमधलं दूध, मांस, शिजवलेलं अन्न टाकून द्या. गच्च भरलेला, न उघडलेला फ्रीजर साधारण दोन दिवस तग धरतो.

पंचनाम्यासाठी आणि विम्यासाठी काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. आणि उन्हाळा संपता संपता येणाऱ्या पहिल्या जोरदार पावसाकडे लक्ष असू द्या. जळालेल्या उतारावर पाणी मुरत नाही, ते राख, माती आणि दगड घेऊन ओढ्याने खाली येतं. घर अशा ओढ्याच्या काठी असेल तर टप्पा १ चा नकाशा पुन्हा काढा आणि या वेळी चढाकडे जाणारी वाट शोधून ठेवा.